भट्टी बंद होते, माती राहते

प्रश्न एका उपसरपंच ताईंचा आहे. थोडक्यात असा: गावाच्या वेशीवर पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवण्याची भट्टी दोन वर्षांपासून चालू आहे, तीही बहुतेक रात्रीच. अंगणवाडी तिथून हाकेच्या अंतरावर. मध्यंतरी शेजारच्या शेतकऱ्याची दोन वासरं तडफडून मेली, तेव्हा लोकांचं लक्ष गेलं. मालक म्हणतो, सगळ्या परवानग्या आहेत. गावातली सात-आठ माणसं तिथे मजुरीला जातात, त्यामुळे गावात दोन तट पडलेत. मुलांना नेमका धोका काय, घरी काय काळजी घ्यायची, आणि ग्रामपंचायतीच्या हातात यातलं काही आहे का?

ताई, तुमच्या तीन प्रश्नांतला मधला आधी घेतो, कारण त्याचं उत्तर लहान आहे. जेवणाआधी आणि झोपण्याआधी मुलांचे हात साबणाने धुवा. घर कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. भट्टीवर जाणाऱ्यांनी तिथेच कपडे बदलावेत, अंघोळ करून घरी यावं, आणि ते कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुवू नयेत. मुलांना फार वेळ उपाशी ठेवू नका. नाचणी, कडधान्यं, पालेभाज्या, दूध, जमेल तेव्हा अंडं, असं लोह आणि कॅल्शियम देणारं खायला घाला, कारण लोहाची कमतरता असलेलं शरीर शिसं जास्त शोषतं.

झालं. हे सगळं करा, पण यावर विसंबू नका. आईवडिलांना फक्त स्वच्छतेचे धडे देऊन मुलांच्या रक्तातलं शिसं उतरतं का, हे परदेशात अनेकदा नीट तपासून झालंय. फारसं उतरत नाही, असंच दिसलं. रात्रभर भट्टी ओकत असेल तर सकाळी आई किती वेळा पुसणार? मी पस्तीस वर्षं बालरोग आणि सार्वजनिक आरोग्य या दोन खुर्च्यांवर आलटून पालटून बसलो, आणि दुसऱ्या खुर्चीवर गेलो तो याच कारणाने. दवाखान्यात बसून शिशावर करण्यासारखं फार थोडं असतं.

आता धोका. हवेत उडालेलं शिसं जमिनीवर बसतं, आणि जमिनीच्या सगळ्यात जवळ कोण असतं? रांगणारं मूल. त्याचा हात जमिनीवर आणि तोच हात तोंडात. मोठ्या माणसाच्या पोटात शिसं गेलं तर साधारण दहावा भाग अंगात शोषला जातो, लहान मुलाच्या बाबतीत तो चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत जातो. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं आणि हाडांत साठवून ठेवतं, तेही वीस-वीस, तीस-तीस वर्षं. आज रांगणारी मुलगी उद्या गरोदर राहिली की हाडांतलं कॅल्शियम बाळाकडे जातं, आणि त्याबरोबर हेही.

आपल्याकडचा एक जुना आकडा सांगतो, कारण असे आकडे आपल्याकडे फार थोडे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या दुसऱ्या फेरीत, १९९८-९९ साली, मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं होतं. सुमारे ७६ टक्के मुलांमध्ये ते ५ ते २० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर निघालं. (पुढे नुसता आकडा लिहीन, एकक हेच.) एक ते दोन वर्षांच्या मुलांचे आकडे तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांच्या अडीच पटींच्या आसपास होते. म्हणजे मूल रांगायला, चालायला लागलं की शिसं वाढतं.

२० म्हणजे फार का? मी शिकत होतो तेव्हा पुस्तकात ३० पर्यंत चिंता नाही असं लिहिलेलं होतं. त्याआधी १९६०च्या दशकात अमेरिकेत ही रेषा ६० वर होती. ती मग ४०, ३०, २५, १०, ५ अशी उतरत २०२१ साली ३.५ वर आली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ किंवा जास्त असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा. रेषा उतरत गेली याचं कारण असं की दरवेळी तिच्या खालच्या मुलांकडे नीट पाहिलं तेव्हा तिथेही नुकसान सापडलं. २००५ साली सात वेगवेगळ्या ठिकाणच्या १,३३३ मुलांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा रक्तातलं शिसं २.४ वरून १० वर गेल्यास बुद्ध्यंकात सुमारे ३.९ गुणांची घट दिसली, आणि १० वरून २० वर गेल्यास आणखी फक्त १.९ ची. सुरुवातीचं शिसंच जास्त खातं. तुमच्या गावासाठी याचा अर्थ असा की 'थोडंसंच आहे' या वाक्याने कुणीही तुमची समजूत काढू शकत नाही.

आणि लक्षणं? बहुतेक मुलांत काहीच दिसत नाही. पोटात दुखतं, शौचाला घट्ट होतं, पोर फिकट दिसतं, चिडचिडं होतं, बोलायला उशीर करतं. यातलं एकही लक्षण असं नाही की ज्यावरून डॉक्टर शिशाचं नाव घेईल. आकडा ७० च्या वर गेला की झटके, बेशुद्धी, मृत्यू. मधल्या पट्ट्यात सगळं जंत, रक्तक्षय आणि 'हट्टीपणा' यांच्या नावावर खपतं.

मीही खपवलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका सरकारी रुग्णालयात चार वर्षांचा एक मुलगा तीनदा माझ्यासमोर आला. पोटदुखी आणि फिकटपणा. तीनदा मी जंताचं औषध आणि लोहाचं सिरप लिहिलं. चौथ्यांदा तो झटके येत असताना आला. तेव्हा कुठे एका वरिष्ठ डॉक्टरबाईंनी बापाला विचारलं, "तुम्ही करता काय?" बाप घराच्या ओट्यावर बॅटऱ्या फोडत होता. तीन भेटींत मी हे विचारलं नव्हतं. मुलगा वाचला, पण पुढे शाळेत टिकला नाही. त्यानंतर माझ्या प्रत्येक केसपेपरवर पालकांचा धंदा लिहिलेला असे.

इथे दोन गैरसमज आताच काढून टाकतो, नाहीतर ग्रामसभेत ते निघणारच. एक, शिसपेन्सिलीत शिसं नसतं. नावातच आहे फक्त, आत ग्रॅफाइट असतं. पोराने टोक चघळलं म्हणून घाबरू नका. दोन, शेंदूर मात्र खरंच शिसं आहे. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं लाल भस्म. मारुतीला शेंदूर लावायला माझी हरकत नाही, मीही शनिवारी नमस्कार करतो. पण तो हात धुतल्याशिवाय पोराच्या तोंडाशी जाऊ नये, आणि तो शेंदूर बाळाच्या कपाळावर तर नकोच. कल्हईचंही तसंच. शुद्ध कथलाची कल्हई चांगली, पण स्वस्तात करून देणारा कथलात शिसं मिसळतो.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच.

ग्रामपंचायतीकडे येतोच, पण आधी मुंबईच्या मुलांचा विचार करा. १९९४ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालत असे. इंजिन खडखडू नये म्हणून ते घालत. १९२०च्या दशकात अमेरिकेत ही युक्ती निघाली, तेव्हाच कारखान्यातले कामगार भ्रमिष्ट होऊन मेले होते. १९२४ साली न्यू जर्सीतल्या एका रिफायनरीत पाच जण गेले. तरीही पुढची पन्नास वर्षं उद्योगाचा युक्तिवाद एकच: सामान्य माणसाला अपाय होतो हे आधी सिद्ध करा. पुरावा द्यायची जबाबदारी ज्यांच्या फुप्फुसात धूर जात होता त्यांच्यावर. हा युक्तिवाद ओळखून ठेवा, तुमच्या भट्टीचा मालकही हाच करणार आहे.

तो युक्तिवाद मोडला तो मोजमापाने. १९७६ ते १९८० या चार वर्षांत अमेरिकेत देशभरच्या लोकांचं रक्त तपासणं चालू होतं, आणि त्याच काळात नव्या गाड्यांमुळे शिसं घातलेलं पेट्रोल कमी खपत होतं. दोन्ही रेषा एकत्र ठेवल्या तेव्हा एकीबरोबर दुसरी उतरताना दिसली. रक्तातलं सरासरी शिसं ३७ टक्क्यांनी घटलं होतं, कुणाच्याही अंदाजापेक्षा जास्त. त्या आकड्यांनंतर परत मागे जाणं सरकारला अवघड झालं. आपल्याकडे न्यायालयाच्या रेट्यामुळे टप्पे पडले: १९९५ पासून चार महानगरांत शिसेमुक्त पेट्रोल मिळू लागलं, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेवढंच उरलं. मुंबईत १९९७ च्या तपासणीत सुमारे ६२ टक्के मुलं १० च्या वर होती. पेट्रोल बदलल्यानंतर काही वर्षांनी पुन्हा तपासलं तर प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपास आलेलं. धारावीतल्या आईने काही वेगळं केलं नव्हतं, मलबार हिलवरच्या आईनेही नाही. रिफायनरीत एक पदार्थ घालायचं थांबवलं, एवढंच. जगात शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१ साली हे पेट्रोल संपलं. म्हणजे विष कळल्यापासून ते थांबेपर्यंत जवळजवळ शंभर वर्षं.

पण ३३ टक्के उरलेच होते ना? पेट्रोल गेलं, तरी रंग, मसाले, भांडी आणि तुमच्यासारख्या गावांतल्या भट्ट्या राहिल्या. युनिसेफने २०२० साली अंदाज काढला की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात ५ पेक्षा जास्त शिसं आहे. अशी सुमारे ८० कोटी मुलं, त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतात.

पेट्रोलचं काम तुलनेने सोपं होतं, हे आपण मोकळेपणाने मान्य करू. देशात रिफायनऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. तिथे नळ बंद केला की झालं. रंगाचे कारखाने शेकडो, मसाल्याचे हजारो, बॅटरी फोडणारे किती हे देवाला ठाऊक. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नको, म्हणजे दहा लाखांत नव्वद भाग, असा नियम आपण २०१६ साली केला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू केला. नियम चांगला, जगातल्या कडक नियमांपैकी एक. पण तो घरगुती रंगांचा. लोखंडाला मारायचा औद्योगिक रंग त्यात नाही, आणि अंगणवाडीच्या खिडकीचे गज किंवा घसरगुंडी रंगवताना ठेकेदार दुकानातून कोणता डबा उचलतो, हे कोण बघतं? बॅटऱ्यांचे नियम २००१ साली आले, २०२२ साली नव्याने आले. जुनी बॅटरी गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यावर, वितळवणारा नोंदणीकृत असलाच पाहिजे. कागदावर साखळी पूर्ण आहे.

प्रत्यक्षात जुनी बॅटरी आपल्याकडे कधीच कचऱ्यात पडत नाही. शिशाला भाव आहे, म्हणून प्रत्येक बॅटरी कुणीतरी उचलतंच. भांडण एवढंच की कोण उचलतं. धूर गाळायची यंत्रणा बसवलेल्या कारखान्याला खर्च आहे, कर आहे, कागदपत्रं आहेत. रात्रीच्या भट्टीवाल्याला यातलं काही नाही, त्यामुळे तो भंगारवाल्याला चार पैसे जास्त देतो, रोख, विनापावती. जो नियम पाळतो तोच स्पर्धेत मागे पडतो. हे धोरणाचं अपयश आहे, भंगारवाल्याच्या चारित्र्याचं नाही. म्हणून 'कडक कारवाई'ची घोषणा ऐकली की मला फारसा हुरूप येत नाही. एक भट्टी तुमच्या वेशीवरून उठते आणि पुढच्या तालुक्यात लागते.

मग काम होतं कुठे? एक उदाहरण बांगलादेशाचं, आणि ते हळदीचं आहे म्हणून आपल्याला जवळचं. तिथे गर्भवती बायांच्या रक्तात शिसं सापडत होतं आणि आसपास ना भट्टी ना रंगाचा कारखाना. माग काढत काढत संशोधक पोचले हळदीवर. १९८०च्या दशकात पुरामुळे हळद भिजून काळवंडली, गिऱ्हाईक घेईना, तेव्हा पॉलिश करताना पिवळाधमक लेड क्रोमेट चोळायची सवय लागली, ती पुढे सुकाळातही राहिली. २०१९ साली बाजारातल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसं निघालं. सरकारने तीन गोष्टी एकदम केल्या: लोकांना सांगितलं, घाऊक बाजारात हातात धरायचं क्ष-किरण यंत्र नेऊन जागच्या जागी तपासणी केली, आणि ढाक्याच्या मोठ्या बाजारातल्या दोन व्यापाऱ्यांना लाखो टका दंड ठोठावला, तोही कॅमेऱ्यांसमोर. २०२१ पर्यंत नमुन्यांतलं प्रमाण शून्यावर आलं. हळद गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही उतरलं. दोन वर्षांत!

हे वाचताना मला हरिपूरची पेवं आठवतात. सांगलीजवळच्या त्या जमिनीतल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, २००५ च्या महापुराने त्यातली कितीतरी निकामी केली. पूर आपल्याकडेही येतो, हळद आपल्याकडेही काळवंडते, आणि रंग चोळायचा मोह व्हायला देश लागत नाही. अन्नसुरक्षा नियमात हळदीत शिशाची मर्यादा १० पीपीएम आहे, लेड क्रोमेटला तर अजिबात परवानगी नाही. दक्षिण आशियातल्या २३ शहरांतून गोळा केलेल्या हळदीचा एक अभ्यास २०२४ साली आला. त्यात भारतातलं सगळ्यात वाईट चित्र पाटण्याचं होतं. सांगलीच्या व्यापाऱ्यांनी खरं तर स्वतःहून अशी यंत्रं बाजार समितीत बसवून घ्यावीत. भौगोलिक मानांकन मिळालेल्या मालाचं नाव टिकवायला याहून स्वस्त विमा नाही. असो, विषयांतर झालं.

पण त्यातला मुद्दा तुमच्या कामाचा आहे. नियम, जागच्या जागी मोजणारं यंत्र आणि दिसेल असा दंड, हे तिन्ही एकत्र आलं तिथे काम झालं. आपल्याकडे पहिलं आहे. तिसरं अधूनमधून असतं. दुसरं जवळजवळ नाहीच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तीस प्रकारचे आजार आणि व्यंगं बघतं, त्यात शिशाची तपासणी नाही. न्यू जर्सीत राहणारी माझी भाची सांगत होती, तिथे एक वर्षाचं आणि दोन वर्षांचं झालं की प्रत्येक मुलाचं शिसं तपासावंच लागतं, कायदाच आहे. आकडा वाढलेला निघाला की आरोग्य खात्याचा फोन येतो आणि विचारतात, घरात मसाले कुठले, सिंदूर आहे का, गावाकडून आणलेली औषधं कोणती. म्हणजे आपल्या डब्यातल्या हळदीची चौकशी तिकडे होते, इकडे होत नाही.

आता ग्रामपंचायत. माझा क्रम असा असेल.

आधी वासरं. गुरं बॅटरीच्या प्लेटा आणि राख चाटतात, शिशाने सगळ्यात आधी तीच पडतात. पुन्हा एखादं जनावर असं गेलं तर पुरू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी कळवून शवविच्छेदन करायला लावा आणि यकृत व मूत्रपिंडाचा तुकडा शिशाच्या तपासणीसाठी पाठवायला सांगा. मुलांच्या रक्ताआधी हाती येणारा हा पुरावा आहे, आणि तो डावलणं अवघड असतं.

मग कागद. 'परवानग्या आहेत' म्हणजे कोणत्या? शिसं वितळवणं हा प्रदूषण मंडळाच्या लाल, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्या, वर्गातला उद्योग. त्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं पाणी आणि हवा या दोन्ही कायद्यांखालचं संमतीपत्र लागतं, आधी उभारायला आणि मग चालवायला. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली वेगळं प्राधिकारपत्र लागतं. बॅटरी नियमांखाली पुनर्प्रक्रिया करणारा म्हणून नोंदणी लागते. ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला आणि जीएसटीचा नंबर म्हणजे परवानगी नव्हे, आणि बहुतेक मालकांकडे दाखवायला नेमकं हेच दोन असतात. मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात या चार कागदांच्या प्रती मागा. 'अभिलेख आढळून येत नाही' असं उत्तर आलं तर उत्तमच, तुमचं निम्मं काम झालं. आणि तो नाहरकत दाखला तुमच्याच पंचायतीने दिला असेल, तर तो रद्द करण्याचा ठराव सगळ्यात आधी. लाजू नका. बहुतेक गावांत तो दिलेला असतो.

ग्रामसभेच्या ठरावात भावना कमी आणि मोजमाप जास्त असू द्या: अंगणवाडीपासून अंतर किती मीटर, किती मुलं, भट्टी कोणकोणत्या रात्री चालली त्या तारखा, जनावरं कधी गेली. हा ठराव उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे न्या. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश ते काढू शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १५२. याच कलमाखालच्या खटल्यात मध्य प्रदेशातल्या रतलामच्या नगरपालिकेने १९८० साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं की गटारं बांधायला आमच्याकडे पैसे नाहीत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती सबब उडवून लावली. तुम्हालाही 'मनुष्यबळ नाही' हे ऐकावं लागेल, तेव्हा रतलाम आठवा.

तिथे काही हललं नाही तर पुण्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क हजार रुपये. तक्रारीचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, म्हणून तारखांची वही आजपासून ठेवा. भरपाई आणि जमीन पूर्ववत करण्याच्या मागणीला पाच वर्षांची मुदत आहे.

मुलांचं रक्त तपासावं का? हो, पण सगळ्यांचं एकदम नको. भट्टीच्या सगळ्यात जवळची दहा-बारा मुलं, मजुरांची मुलं आधी. रक्त शिरेतून घ्यायचं. बोटाला टोचून घेतलं आणि बोटावर धूळ असली तर आकडा खोटा फुगतो, मग मालकाचा वकील त्यावरच उड्या मारतो. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी द्या आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यक, म्हणजे सार्वजनिक आरोग्य शिकवणाऱ्या, विभागाला प्रत पाठवा, त्यांना असा अभ्यास हवाच असतो. शिसं बाहेर काढायचं औषध साधारण ४५ च्या वर गेल्यावर विचारात घेतात, तेही रुग्णालयात, आणि मूल त्या घरातून, त्या धुळीतून बाहेर काढल्यानंतरच. 'अंगातलं विष काढणारा काढा' विकणारा कुणी गावात आला तर त्याला चहाही पाजू नका. काही रसौषधींत, म्हणजे धातूंची भस्मं घातलेल्या औषधांत, शिसंच असतं.

आणि हे एवढ्यासाठी लांबवलं की सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लोक विसरतात. भट्टी उठली की फटाके वाजतात आणि विषय संपतो. सेनेगलमध्ये डाकारजवळ थियारोय-सूर-मेर नावाची वस्ती आहे. तिथे वर्षानुवर्षं बॅटऱ्या फोडल्या जात. शिशाचा भाव वाढला तेव्हा बायका तीच माती चाळून त्यातून शिशाचे कण वेचायला लागल्या, मुलं पाठीला बांधून. २००७ च्या अखेरीपासून २००८ च्या मार्चपर्यंत १८ मुलं दगावली. भट्टी नव्हे, माती. शिसं कुजत नाही, वाहून जात नाही, वरच्या काही इंचांत तसंच पडून राहतं. म्हणून तुमच्या मागणीत 'भट्टी बंद करा' याच्या पुढे 'वरची माती खरवडून घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी न्या, वर स्वच्छ माती टाका, खर्च मालकाकडून वसूल करा' हे असायलाच हवं. ते होईपर्यंत अंगणवाडी हलवता येत असेल तर समाजमंदिरात हलवा. पटांगणावर निदान फरशी किंवा गवत. आणि ती राख, तो उरलेला काळा खडा रस्त्याच्या भरावाला किंवा घराच्या जोत्याला गेलाय का, हेही विचारा. जातो, मी पाहिलंय.

राहिली ती सात-आठ माणसं. त्यांना शत्रू करू नका, ताई. गावात सगळ्यात जास्त शिसं त्यांच्याच अंगात असणार, त्यांच्या पोरांच्या अंगात त्याखालोखाल. ठरावात त्यांच्या रक्ततपासणीची आणि रोजगार हमीच्या कामाची मागणी नावानिशी घाला. मग दोन तटांपैकी एक कदाचित तुमच्या बाजूला येईल. शिवाय रात्री ट्रक कुठून येतो आणि माल कुठे जातो, हे त्यांच्याखेरीज कुणालाच माहीत नाही.

मातीचा नमुना घेताना एवढं सांभाळा: अंगणवाडीचा उंबरा, पटांगणाचा मधला भाग, भट्टीची भिंत, आणि तुलनेसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाचं शेत, अशा चार जागा. वरचा एक इंचच घ्या, खोल खणू नका. प्रत्येक जागेची वेगळी प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर तारीख, वेळ आणि जागा, आणि सील करताना तलाठी किंवा ग्रामसेवकाची सही. पावसाआधी घ्या.